जपानी माणसं वेगळ्या मातीची नसतात

११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर 'जपानकडून शिकण्यासारख्या दहा गोष्टी' अशा धाटणीचा एक मजकूर आपल्याकडे ईमेलमधून फिरू लागला. पुढे तो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आणि आजही कुठे मोठा भूकंप झाला की नव्याने येतो. पाण्यासाठी निमूट रांगेत उभी असलेली माणसं, न लुटलेली दुकानं, आक्रोश न करता शोक करणारे वृद्ध. खाली बहुतेक वेळा एकच शेरा असतो: याला म्हणतात संस्कार, आपल्याकडे हे होणे नाही.

रांगा खऱ्या होत्या आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. माझा आक्षेप त्या शेऱ्यावर आहे. अठरा हजारांहून अधिक माणसं जिथे मेली किंवा कायमची बेपत्ता झाली, तिथे जे वाचले ते कशामुळे वाचले आणि जे पुन्हा उभे राहिले ते कशाच्या बळावर, हे विचारायच्या आतच तो शेरा विषय बंद करतो. आपत्तीतून सावरण्याची जपानची ताकद जपानी रक्तातून आलेली नाही. ती वस्तीवस्तीत घडवली गेली, बहुतेकदा माणसं गमावल्यानंतर, भांडणांतून आणि कोर्टकचेऱ्यांतूनही. जिथे ती घडवण्याचं काम झालं नव्हतं, तिथे हीच शिस्त माणसांना घेऊन बुडाली.

प्रामाणिकपणाचंच उदाहरण घेऊ. त्सुनामीत वाहून गेलेल्या ५,७०० च्या आसपास तिजोऱ्या लोकांनी आणि मदतपथकांनी पोलिसांकडे जमा केल्या, आणि त्यांतली बहुतेक रक्कम मालकांपर्यंत पोचली. पण जपानमध्ये हरवलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र कायदा आहे. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला तिच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. पैसे असतील आणि मालक तीन महिन्यांत सापडला नाही, तर ते त्यालाच मिळतात. जमा करायला लांब जावं लागत नाही, पोलिसांची लहानशी चौकी जवळपास प्रत्येक वस्तीत असते. माणसं चांगलं वागतात त्यामागे चांगलं वागणं सोपं करणारी अशी व्यवस्था असते. आणि जिथे माणसांचा वावरच उरला नव्हता, त्या फुकुशिमातल्या अणुदुर्घटनेमुळे रिकाम्या केलेल्या गावांत घरफोड्याही झाल्याच.

रक्ताचा दाखला देणाऱ्यांनी १९२३ कडे पाहावं. १ सप्टेंबरला दुपारी बाराला दोन मिनिटं असताना तोक्यो-योकोहामा परिसर हादरला आणि आगींसह सुमारे १,०५,००० माणसांचा जीव गेला. त्याच संध्याकाळपासून अफवा पसरल्या की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत, आगी लावताहेत. गल्लोगल्ली स्वयंरक्षक पथकं उभी राहिली. भाले, बांबू, तलवारी घेऊन ती रस्ते अडवत, येणाऱ्याजाणाऱ्याला काही शब्द उच्चारायला लावत आणि उच्चार वेगळा वाटला तर मारून टाकत. पोलीस आणि लष्करातले लोकही त्यात होते. कोरियन माणसं हजारोंच्या संख्येने मारली गेली, चिनी मजूर मारले गेले, काही जपानीही. हे करणारे शेजारीपाजारीच होते आणि पथकं वस्तीचीच होती. म्हणजे शेजाराचं बळ आपोआप चांगल्या बाजूला उभं राहत नाही, हे जपानच्याच इतिहासाने दाखवलेलं आहे. १९६० पासून १ सप्टेंबर हा तिथे आपत्ती-निवारण दिन आहे आणि त्या दिवशी देशभर सराव होतात. मात्र मारल्या गेलेल्या कोरियनांच्या स्मृतिसभेला शोकसंदेश पाठवण्याची प्रथा तोक्योच्या राज्यपालांनी २०१७ पासून बंद केली. हेही त्याच देशात, त्याच तारखेला घडतं.

मग संस्कृती म्हणजे काय? मला ती वाकायामा प्रांतातल्या हिरोगावा गावात सापडते. १८५४ च्या त्सुनामीत तिथल्या हामागुची गोर्यो या सोया सॉसच्या व्यापारी घराण्यातल्या कर्त्याने भाताच्या गंजी पेटवून, अंधारात वाट चुकलेल्यांना टेकडीवरच्या देवळाकडे नेलं. ही गोष्ट जपानी शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला तो याच घटनेमुळे. तिचा उत्तरार्ध मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. घरं, होड्या, अवजारं गेल्यावर लोक गाव सोडू लागले होते. हामागुचीने स्वतःच्या पैशातून किनाऱ्यावर बांध घालायला काढला आणि गावकऱ्यांनाच मजुरी देऊन कामाला लावलं. सुमारे चार वर्षांत ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध उभा राहिला. हातांना काम मिळाल्याने गाव फुटलं नाही, आणि १९४६ च्या त्सुनामीत बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून दरवर्षी गावकरी त्या बांधावर माती टाकायचा उत्सव करतात. शाळेतली मुलं माती वाहून नेतात. प्रसंग, पैसा, रोजगार, बांध आणि दरवर्षीची ती माती, असं सगळं मिळून तिथे संस्कृती झाली आहे. त्यातली माती टाकणं थांबलं तर दोन पिढ्यांत सगळं विसरलं जाईल.

आता २०११ मधल्या दोन शाळा पाहू. या दोन्हींबद्दल वाचल्यापासून शिस्त हा शब्द मी पूर्वीसारखा सहज वापरू शकत नाही.

मियागी प्रांतात इशिनोमाकी शहराच्या हद्दीत, कितागामी नदीच्या काठी, समुद्रापासून जवळजवळ ४ किलोमीटर आत ओकावा प्राथमिक शाळा होती. दुपारी २:४६ ला भूकंप झाला. मुलं शिकवल्याप्रमाणे बाकाखाली बसली, नंतर रांगेने मैदानात आली, हजेरी झाली. मग सुमारे ५० मिनिटं सगळे मैदानातच थांबले. शाळेच्या मागे टेकडी होती. मुलं तिथे अळंबी वाढवण्याच्या उपक्रमासाठी जाऊन आलेली होती. 'टेकडीवर जाऊ या' असं काही मुलांनी म्हटल्याचं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. शिक्षकांमध्ये एकमत होईना. झाडं पडतील का, वृद्ध ग्रामस्थांना चढता येईल का, जबाबदारी कुणाची? अखेर निघाले ते नदीच्या पुलाजवळच्या किंचित उंच जागेकडे, म्हणजे पाण्याच्याच दिशेने. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेच्या आपत्ती-पुस्तिकेत त्सुनामी आली तर 'जवळची मोकळी जागा, बाग' एवढंच लिहिलेलं होतं, आणि तशी बाग तिथे नव्हतीच. नकाशानुसार शाळा धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. उलट परिसरातल्या लोकांनी आश्रयाला यायची नेमलेली जागा तीच होती.

इवाते प्रांतातल्या कामाइशी शहरात उनोसुमाई नावाच्या भागात एक माध्यमिक आणि एक प्राथमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. त्याही नकाशात सुरक्षित दाखवल्या होत्या. पण गुन्मा विद्यापीठातले कातादा तोशिताका हे प्राध्यापक काही वर्षं कामाइशीतल्या शिक्षकांबरोबर काम करत होते. त्यांची शिकवण तीन वाक्यांची: गृहीत धरलेल्यावर विश्वास ठेवू नका, त्या क्षणी जमेल तेवढं सगळं करा, आणि पळणाऱ्यांत पहिले व्हा. माध्यमिकची मुलं सूचनेची वाट न पाहता धावत सुटली. प्राथमिकची मुलं इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जात होती, ती मोठ्यांना धावताना पाहून खाली उतरून त्यांच्या मागे लागली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून आणखी वर गेली. तिथूनही लाट गाव गिळताना दिसली, तेव्हा आणखी वर. लहानांचे हात मोठ्यांनी धरले होते, वाटेत पाळणाघरातल्या बाळांच्या गाड्याही ढकलल्या. शहरात हजारावर माणसं गेली, पण शाळेत गेलेली जवळपास तीन हजार मुलं वाचली. वृत्तपत्रांनी याला कामाइशीचा चमत्कार म्हटलं. कामाइशीतल्या अनेकांना हा शब्द रुचत नाही आणि त्यांचं बरोबर आहे, कारण यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. आणि याच उनोसुमाईत एक आपत्ती-निवारण केंद्रही होतं. सखल भागातली ही दोनमजली नवी इमारत त्सुनामीसाठी नेमलेली आश्रयाची जागा नव्हती. पण टेकडीपर्यंत चालणं वृद्धांना जड जातं, सरावाला लोक कमी येतात, म्हणून सराव तिथे भरवले जात. ११ मार्चला लोक सवयीने तिथेच गेले. शंभराहून अधिक माणसं त्या इमारतीत बुडाली.

म्हणजे एकाच गावात, एकाच संस्कृतीत, सरावानेच मुलांना वाचवलं आणि सरावानेच मोठ्यांना मारलं. फरक पडला तो सराव कशाचा होता यावर. ईशान्य जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर १८९६ मध्ये सुमारे २२,००० आणि १९३३ मध्ये सुमारे ३,००० माणसं त्सुनामीत गेली. तिथली जुनी शिकवण आहे 'त्सुनामी तेन्देन्को': लाट आली की कुणाची वाट पाहू नका, ज्याने त्याने धावा. समूहाला सर्वोच्च मानणारा म्हणून आपण ज्या समाजाला ओळखतो, त्याने ही शिकवण जपली. तिच्यामागे मोठा विश्वास लागतो. आई शाळेकडे धावली तर दोघंही जातात, म्हणून मुलाने आधीच सांगून ठेवायचं असतं की मी नक्की वर जाईन, तू माझ्यासाठी येऊ नकोस. हे घराघरात, शांत दिवशी, बोलून ठेवावं लागतं.

नकाशावरून आठवतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ओकावाही नव्हती. यादी हवीच, पण यादीत नाही म्हणून निवांत राहायचं नाही, ही कातादांची शिकवण सह्याद्रीच्या उतारावरच्या प्रत्येक वाडीला लागू आहे. ती तिथे पोचवायला जपानी स्वभाव लागत नाही. दर पावसाळ्याआधी वाडीत येऊन बसणारं माणूस लागतं.

ओकावाच्या बाबतीत मला सर्वांत जपानी वाटतं ते पुढे घडलेलं. २३ मुलांच्या पालकांनी शहर आणि प्रांताच्या प्रशासनावर दावा केला. आपल्याच गावाविरुद्ध कोर्टात जाणं तिथे सोपं नाही. 'मुलं परत येणार आहेत का, पैसे हवेत का' हे ऐकावं लागतं. २०१८ मध्ये सेन्दाई उच्च न्यायालयाने नुसत्या त्या दिवशीच्या चुकीवर बोट ठेवलं नाही. आपत्तीच्या आधी पुरेशी तयारी न केल्याबद्दल शाळा आणि शिक्षण मंडळाला जबाबदार धरलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते टिकलं. यानंतर जपानमधल्या कोणत्याही शाळेला 'नकाशात नव्हतं' एवढं म्हणून सुटता येत नाही. सावरणं म्हणतात ते मला या पालकांच्या चिकाटीत दिसतं, निमूट रांगेपेक्षा कितीतरी जास्त.

कोबेकडे वळतो, कारण शेजार म्हणजे काय हे तिथे मोजलं गेलं. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६ चा भूकंप. एकूण ६,४३४ मृत्यू. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सुमारे ३५,००० माणसांपैकी २७,००० च्या आसपास माणसांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढलं. अग्निशमन दल, पोलीस आणि लष्कर यांनी मिळून ८,००० च्या आसपास. म्हातारी आजी कोणत्या खोलीत झोपते हे शेजाऱ्याला माहीत असतं. नागाता भागाच्या मोठ्या पट्ट्याची राख झाली, पण तिथल्या मानो वस्तीत लोकांनी बादल्यांची साखळी करून, जवळच्या कारखान्याच्या अग्निशमन पथकाच्या मदतीने आग रोखली. मानोचे लोक जन्मतः धाडसी नव्हते. साठच्या दशकात त्यांनी कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढा दिला होता, पुढे वस्तीचा आराखडा स्वतः केला, वृद्धांसाठी जेवणं सुरू केली. तीस वर्षं सभा घेणाऱ्या, वाद घालणाऱ्या, एकमेकांची दारं ठोठावणाऱ्या वस्तीला त्या पहाटे कुणी काय करायचं हे सांगावं लागलं नाही.

त्यानंतर सरकारने मात्र चांगल्या हेतूने एक घोडचूक केली. तात्पुरत्या घरांचं वाटप सोडतीने झालं, वृद्ध आणि अपंगांना आधी. न्याय्य वाटतं ना? पण सोडतीने शेजार मोडला. अनोळखी, लांबच्या वसाहतींत एकट्या वृद्धांची घरं शेजारी शेजारी आली, आणि दोनशेहून अधिक माणसं त्या घरांत एकटी, कुणाला न कळता मेली. ही चूक जपानने विसरू दिली नाही. २००४ च्या निइगाता भूकंपानंतर यामाकोशी या डोंगरी गावाला नागाओका शहरात आणलं तेव्हा तात्पुरत्या घरांत वाड्यावाड्यांना एकत्र ठेवलं. २०११ नंतर इवानुमा शहराने किनाऱ्यालगतच्या सहा वस्त्या तशाच एकत्र हलवल्या. तिथे योगायोगाने आपत्तीच्या सात महिने आधी वृद्धांची पाहणी झालेली होती, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं ताडून पाहता आलं. गटाने हललेल्यांच्या गाठीभेटी वाढल्या होत्या, सोडतीने किंवा एकेकटे गेलेल्यांच्या घटल्या होत्या. दोघंही त्याच शहराचे आणि त्याच 'संस्कारां'चे. फरक होता घर देण्याच्या पद्धतीत.

एकोप्याचं ओझं कुणावर पडतं, हेही सांगायला हवं. २०११ च्या काही निवाऱ्यांत पुठ्ठ्याची आडोशाची सामग्री आली होती. 'आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत' असं म्हणून तिथल्या पुरुष प्रमुखांनी ती लावू दिली नाही. बायकांनी पांघरुणाखाली कपडे बदलले, अंगावर पाजणाऱ्या आया अवघडून गेल्या. कित्येक निवाऱ्यांत शेकडो माणसांचा तिन्ही वेळचा स्वयंपाक बायकांकडे आला, बिनमोल. ढिगारे उपसणाऱ्या पुरुषांना मजुरी मिळाली. स्त्री-संघटनांनी हे उघड केल्यावर २०१३ मध्ये केंद्र सरकारला स्त्रियांच्या दृष्टीने निवाऱ्यांची मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. निमूट सोसणाऱ्यांचे जे फोटो आपण कौतुकाने पुढे पाठवले, त्यांत या बायकाही होत्या.

संस्कृतीला श्रेय देण्याची दुसरी बाजू म्हणजे संस्कृतीला दोष देणं, आणि ती तितकीच घातक. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेची चौकशी करणाऱ्या संसदीय आयोगाने जुलै २०१२ मध्ये दुर्घटना मानवनिर्मित असल्याचं ठणकावून सांगितलं, हे मोठं काम. पण अहवालाच्या इंग्रजी प्रस्तावनेत अध्यक्ष कुरोकावा कियोशी यांनी मूळ कारण जपानी संस्कृतीतल्या आज्ञाधारकपणात शोधलं. हा भाग जपानी आवृत्तीत तसा नव्हता आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. ती मला पटते. कारण त्याच किनाऱ्यावर २०११ मध्ये बचावलेलं ओनागावाचं अणुकेंद्र आहे. तोहोकू इलेक्ट्रिकचे अभियंते हिराई यानोसुके यांनी इ.स. ८६९ च्या त्सुनामीचा दाखला देत केंद्राची जागा उंच ठेवायचा आग्रह धरला आणि ती सुमारे १४.८ मीटरवर ठेवली गेली. फुकुशिमाचं केंद्र चालवणाऱ्या तेप्को कंपनीने तिथे ३५ मीटर उंचीचा कडा खोदून मुख्य इमारती १० मीटरवर आणल्या होत्या. २००८ मध्ये तिच्याच आतल्या अंदाजात १५.७ मीटर लाटेची शक्यता निघाली, आणि उपाय पुढे ढकलला गेला. दोन्ही कंपन्या जपानी. एकीत आग्रह धरणाऱ्याचं ऐकलं गेलं. दुसरीत निर्णय टाळणाऱ्यांना नावं आहेत, पदं आहेत. सगळं संस्कृतीवर टाकलं की ती पुसली जातात.

ओनागावाशी भारताचाही एक धागा आहे. आपल्या एनडीआरएफचं ४६ जणांचं पथक २०११ मध्ये याच गावात ढिगाऱ्यांत काम करत होतं. देशाबाहेरची ही त्या दलाची पहिली मोहीम. सुमारे दहा हजार वस्तीच्या या गावाने आठशेहून अधिक माणसं गमावली होती. पुनर्रचनेच्या चर्चेत स्थानिक व्यापाऱ्यांच्या म्होरक्याने सांगितलं की साठीच्या वरच्यांनी मध्ये बोलू नये, पुढची वीस वर्षं जगायची आहेत त्यांनी ठरवावं. ज्येष्ठांच्या मानावर उभ्या असलेल्या गावात हे बोललं गेलं आणि मानलंही गेलं. गावाने समुद्र झाकणारी प्रचंड भिंत नाकारली, जमीन उंचावली, घरं वर नेली. इतरत्र सरकारने सुमारे ४०० किलोमीटरच्या भिंतींचा आराखडा आखला. केसेन्नुमातल्या ओया किनाऱ्यावर भिंतीखाली पुळण जाणार होती. तिथले लोक वर्षानुवर्षं बैठका घेत राहिले, पर्यायी आराखडे मांडत राहिले, आणि शेवटी भिंत मागे सरकवून रस्त्याशी जोडली गेली. पुळण वाचली. या दोन्ही गावांना समजूतदार म्हणण्यापेक्षा हट्टी म्हणणं मला जास्त योग्य वाटतं.

आणि म्हणूनच १ जानेवारी २०२४ चा नोतो द्वीपकल्पातला भूकंप मला काळजीत टाकतो. सुझु आणि वाजिमा या भागांत जवळपास निम्मी माणसं पासष्टीपुढची आहेत. रस्ते तुटून वस्त्या दिवसेंदिवस अडकल्या. भूकंपाच्या धक्क्यात जेवढी माणसं गेली, त्याहून जास्त नंतर गेली, निवाऱ्यांतली थंडी, आजारपण आणि थकव्याने. बादल्यांची साखळी करायला हात लागतात. २०११ मध्ये त्सुनामी अडवणारी दारं बंद करताना आणि लोकांना हलवताना गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकांतले २५० हून अधिक जण गेले. त्या पथकांत आज तरुण मिळेनासे झाले आहेत. स्वभावाची पुण्याई असती तर ती गाव म्हातारं झाल्याने आटली नसती. माणसं एकमेकांना भेटतात, सभेला येतात, भांडतात, तोवरच ही ताकद असते.

सुझुचे लोक भांडले होते. १९७० च्या दशकापासून तिथे अणुकेंद्र उभारायचं घाटत होतं. गाव दुभंगलं, धरणी धरली गेली, विरोधकांनी वर्षानुवर्षं माघार घेतली नाही, आणि २००३ मध्ये तीन वीज कंपन्यांनी तो प्रकल्प गुंडाळला. नेमलेल्या जागांपैकी एक होती ताकाया. २०२४ च्या भूकंपात ताकायाचा किनारा मीटरच्या मापात वर उचलला गेला, आणि तिथे जाणारे रस्ते दरडींनी बंद झाले.